‘फुलरीनेतर’ : एका संज्ञेचा इतिहास

सेंद्रिय सौरघटांत वापरल्या जाणाऱ्या इलेक्ट्रॉन-ग्राही रेणूंच्या एका मोठ्या वर्गास आज ‘फुलरीनेतर’ म्हणतात. रेणूत काय आहे ते न सांगता काय नाही एवढेच ही संज्ञा सांगते. शिवाय हे रेणू फुलरीननंतर अवतरले, असा चुकीचा समजही तीमुळे होतो. वस्तुतः चिंग तांग यांनी कोडॅक कंपनीत सिद्ध करून १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या द्विस्तरीय घटातील ग्राही पदार्थ पेरिलीनजन्य होता. त्या घटाची कार्यक्षमता सुमारे १ टक्का होती. साठ कार्बन-अणूंच्या फुलरीनचा शोध त्याच्या आदल्याच वर्षीचा. हाताळण्याजोग्या प्रमाणात तो मिळू लागला तो तर १९९० मध्ये. म्हणजे ‘इतर’ आधी आणि मुख्य मागाहून, असा हा क्रम आहे.

१९९२ मध्ये सारिचिफ्ची, हीगर प्रभृतींनी वाहक बहुवारिकाकडून फुलरीनकडे इलेक्ट्रॉन अतिशय त्वरेने जातो, हे दाखविले. १९९५ मध्ये फुलरीनचे विद्राव्य रूप मिळाले, आणि पुढील सुमारे वीस वर्षे ग्राही म्हणजे फुलरीन हेच समीकरण रूढ झाले. पेरिलीनवरील काम थांबले नव्हते. परंतु ते सपाट रेणू एकमेकांवर रचले जाऊन मोठे स्फटिक बनत व दात्याशी झालेले मिश्रण बिघडे. फुलरीनची उणीवही उघड होती. दृश्य प्रकाश तो क्षीणच शोषतो आणि त्याच्या ऊर्जापातळ्या फारशा हलविता येत नाहीत.

ही कोंडी २०१५ साली पेकिंग विद्यापीठातील चान शियाओवेई यांच्या गटाने ‘आयटिक’ या रेणूने फोडली. मध्ये इलेक्ट्रॉन-समृद्ध जोडवलयांचा गाभा, दोन्ही टोकांस इलेक्ट्रॉन खेचणारे गट, आणि रेणूंची अतिरिक्त दाटी रोखणाऱ्या आडव्या शाखा, अशी त्याची रचना होती. प्रारंभीची कार्यक्षमता केवळ ६.८ टक्के होती. तथापि येथे प्रत्येक भाग स्वतंत्रपणे बदलता येत होता, आणि खरे महत्त्व त्याचेच होय. २०१९ मध्ये त्झौ यिंगपिंग व सहकाऱ्यांनी गाभ्याच्या मध्यभागीच इलेक्ट्रॉन-न्यून वलय बसविलेला ‘वाय-६’ प्रसिद्ध केला, त्याने १५.७ टक्क्यांपर्यंत मजल मारली.

यानंतर ‘जोडवलयी ग्राही’ अशी रचनादर्शक संज्ञाही प्रचारात आली. पण जोडवलयी गाभ्याचे संश्लेषण लांबलचक व खर्चिक. म्हणून सुटी वलये एकेरी बंधांनी सांधलेले रेणू पुढे आले. त्यांना मिळालेले नाव पुन्हा नकारार्थीच आहे : ‘अ-जोडवलयी’.