गौण वनोपजाचा हिशेब

मध्य प्रांत १८६१ साली स्थापन झाला आणि नागपूर त्याची राजधानी ठरले. पुढे नऊच वर्षांनी चार्ल्स ग्रँट यांनी संपादित केलेले प्रांताचे गॅझेटियर छापून निघाले. त्या काळची गॅझेटियरे आणि जंगलखात्याचे अहवाल मी बरीच वर्षे चाळतो आहे. त्यांत मध आणि मेण भेटतात ते लाख, डिंक, हिरडा, मोहफुले यांच्या रांगेत. या साऱ्यांना सरकारी भाषेत नाव मिळाले ‘गौण वनोपज’. सागवान तेवढे मुख्य. शब्द आजही कायद्यात आहे आणि कोणालाही तो खटकत नाही.

मधमाशी स्वतः या कागदांत फारशी येत नाही. येते ती डसायला. जेम्स फोर्सिथ यांच्या १८७१ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य भारतावरील पुस्तकात जबलपूरजवळच्या भेडाघाटचा प्रसंग आहे. संगमरवरी कड्यांना आग्या मोहोळे लटकलेली. रेल्वेचा बॉडिंग्टन नावाचा इंजिनिअर तिथे आला असता माश्या उठल्या. जीव वाचवायला त्याने नर्मदेत उडी घेतली आणि तो बुडाला. म्हणजे दप्तरात माशीच्या दोनच नोंदी: एक उत्पन्नाची, दुसरी अपघाताची.

इंग्रजांनाच दोष द्यायचे कारण नाही. आपल्या भाषेतही तेच झाले आहे. ‘माधुकरी’ हा शब्द पाहा. मधुकर जसा फुलाफुलावरून थोडे थोडे घेतो, तसे पाच घरी थोडे थोडे मागायचे, कोणावर भार टाकायचा नाही. सुंदर कल्पना आहे. पण तिच्यात माशी फक्त घेते. ती फुलाला काही देते, हे शब्दाला ठाऊक नाही. जर्मनीत श्प्रेंगेल या शाळामास्तराने फूल आणि कीटक यांचा हा व्यवहार १७९३ सालीच पुस्तकात मांडला होता. त्याच्या हयातीत त्याचे फारसे कोणी ऐकले नाही.

आपल्या भागात ही दुसरी बाजू हिशेबात धरली ती वर्ध्याच्या एका हिशेबनिसाने. जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा मूळचे तंजावरचे, लंडनला शिकलेले चार्टर्ड अकाउंटंट. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे ठाणे पडले आणि कुमारप्पा त्याचे कार्यवाह झाले. तेलघाणी, हातकुटीचा तांदूळ, हातकागद, गूळ यांच्या जोडीला संघाने मधमाशीपालनही हाती घेतले. १९४२ च्या आंदोलनानंतर कुमारप्पा तुरुंगात गेले तो तुरुंग जबलपूरचा, म्हणजे भेडाघाटापासून काही कोसांवरचा. तिथे त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ लिहिले. १९४५ मध्ये ते प्रसिद्ध झाले, प्रस्तावना गांधीजींची.

त्यात त्यांनी निसर्गातल्या अर्थव्यवहाराच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिली परोपजीवी, वाघाची: दुसऱ्याला मारून जगायचे. दुसरी लुटारू, माकडाची: बाग कोणाची, खाणारा कोण. तिसरी उद्यमाची, आणि इथे मधमाशी येते. ती मकरंद व पराग गोळा करते आपल्यासाठीच, पण घेता घेता फूल फळते. चौथी पायरी समूहाची. तिथे पुन्हा मधमाशीच, कारण तिची मेहनत एकटीसाठी नसून पोळ्यासाठी असते. पाचवी निरपेक्ष सेवेची. कुमारप्पांवर भरपूर लिहिले गेले आहे, पण या माशीकडे अभ्यासकांनी दृष्टान्त म्हणूनच पाहिले. मला ती हिशेबवहीतली खरीखुरी जमेची नोंद वाटते. जमाखर्चात मुरलेल्या माणसाने, जिचे बिल कोणी देत नाही अशी सेवा जमेला धरली होती.

मगनवाडीच्या नंतर मधोद्योग वाढला, पण मोजणी परत मधावर आली. त्याला एक कारण पेटीचे आहे. अंधाऱ्या ढोलीत समांतर पोळी बांधणारी सातेरी तेवढी पेटीत राहते. आग्या उघड्यावर एकच मोठे पोळे लटकवते आणि हंगामानुसार मुक्काम हलवते. चिमुकली फुलोरी झुडपात बसते. त्या पेटीत मावत नाहीत, म्हणून योजनेतही मावल्या नाहीत. आग्याचे मोहोळ रात्री टेंभा लावून जाळायचे आणि सगळेच कापून पिळायचे, हीच रीत राहिली. खरे तर त्या पोळ्यात मध वरच्या कोपऱ्यात, फांदीलगत असतो आणि अंडी-अळ्या खालच्या भागात. वर्ध्याच्या सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या, देवेंद्रकुमारांनी १९७६ मध्ये स्थापलेल्या संस्थेतून डॉ. गोपाळ पालीवाल यांनी मेळघाटातल्या कोरकूंना अंगभर पोशाख घालून तेवढा मधाचाच भाग कापायला शिकवले. खालचा भाग शाबूत राहिला की माश्या तिथेच टिकतात आणि रिकामी जागा पुन्हा भरतात.

पण ज्यांच्याकडे मधच नाही त्यांचे काय? नागपूरकराला मधमाशी म्हटले की काटोल-नरखेडच्या संत्र्याचा आंबिया बहार आठवतो. मी उदाहरण घेतो वांग्याचे. आपल्याकडे लग्नाची पंगत आलू-वांग्याच्या भाजीशिवाय उठत नाही. वांग्याच्या फुलात परागकोशाला टोकाशी बारीक छिद्र असते. फूल थरथरवल्याशिवाय पराग नीट सुटत नाहीत. आग्या, सातेरी यांना ती थरथर साधत नाही. ती साधते काळ्या भुंग्याला आणि निळ्या पट्ट्यांच्या एका रानमाशीला. फुलाला बिलगून त्या पंखांचे स्नायू घुमवतात, आणि पराग भुरभुरतात. तुरीच्या मिटलेल्या फुलातही भुंगे आणि पानकापी माश्या शिरतात. भुंग्याचे घर वाळल्या लाकडात नाहीतर बांबूत, त्या निळ्या माशीचे जमिनीत वा मातीच्या भिंतीत. म्हणजे आपल्या शेताच्या धुऱ्यावर. धुरा पेटवला, त्यावर तणनाशक मारले, की शेत स्वच्छ दिसते आणि ही घरे जातात.

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. माणसे मेली म्हणून तो हंगाम कागदावर आला. कपाशीचे फूल सकाळी उमलते आणि माश्या त्याच वेळी शेतात असतात. फवारणी शक्यतो संध्याकाळी करावी, असा सल्ला शेतीतज्ज्ञ देतात. मजुराची पाळी मात्र सकाळी सुरू होते, आणि दुपारच्या आत त्याला सगळे पंप संपवायचे असतात.