बलवर्धक व्यायाम

बलवर्धक व्यायाम म्हणजे वजन, रबरी पट्टा किंवा स्वतःच्या शरीराचा भार यांच्या प्रतिकाराविरुद्ध स्नायूंना काम करायला लावून त्यांची ताकद वाढवणारा व्यायाम होय. चालणे, धावणे, पोहणे यांमुळे प्रामुख्याने हृदय व फुप्फुसांची क्षमता वाढते, तर या व्यायामामुळे स्नायू व हाडे बळकट होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढांनी सर्व प्रमुख स्नायुगटांना काम देणारा व्यायाम आठवड्यातून किमान दोन दिवस करावा.

महत्त्व

वाढत्या वयाबरोबर स्नायूंचे वस्तुमान व ताकद घटत जाते. या अवस्थेला 'सार्कोपेनिया' म्हणतात. ताकद फार घटल्यास खुर्चीवरून उठणे, जिना चढणे अशा दैनंदिन क्रिया अवघड होतात आणि पडून हाड मोडण्याचा धोका वाढतो. बलवर्धक व्यायामाने ही घट मंदावते. उतारवयात व्यायाम सुरू केला तरी ताकद वाढू शकते.

इतिहास

महाराष्ट्रातील तालमींमध्ये जोर, बैठका आणि मुद्गल फिरवणे हे व्यायाम परंपरेने चालत आले आहेत. जोर-बैठकांमध्ये शरीराचे वजन हाच भार असल्याने मेहनत मुख्यतः संख्या वाढवून वाढवली जाते. संख्या खूप वाढल्यावर मात्र ताकदीपेक्षा दमसास अधिक वाढतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी लष्करातील डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या उपचारात क्रमाक्रमाने वजन वाढवण्याची पद्धत वापरली आणि १९४५ मध्ये तिच्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला.

तत्त्वे

सवयीपेक्षा थोडा अधिक भार मिळाल्यावर स्नायू त्याच्याशी जुळवून घेतात. म्हणून भार टप्प्याटप्प्याने वाढवावा लागतो. तो कायम तेवढाच ठेवल्यास प्रगती थांबते. पहिल्या काही आठवड्यांतील वाढ मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंचा अधिक कार्यक्षमतेने वापर करू लागल्यामुळे होते. स्नायूंचा आकार त्यानंतर सावकाश वाढतो. दुरुस्ती व वाढ विश्रांतीच्या काळात होत असल्याने त्याच स्नायुगटाला पुन्हा भार देण्यापूर्वी सुमारे ४८ तासांचे अंतर ठेवतात.

साप्ताहिक आखणी

नवशिक्यांसाठी सोमवार व गुरुवार असे दोन दिवस पुरेसे असतात. दोन्ही दिवशी पुढील प्रकार करता येतात:

- पाय: खुर्चीवर बसून उठणे, पुढे बैठका.
- छाती व दंड: भिंतीला हात टेकून जोर, पुढे जमिनीवर.
- पाठ: रबरी पट्टा किंवा डंबेल पोटाकडे ओढणे.
- मांड्यांची मागची बाजू व नितंब: पाठ सरळ ठेवून, नितंबाच्या सांध्यातून वाकून वजन उचलणे.
- पोट व कंबर: कोपर व चवड्यांवर शरीर सरळ रेषेत तोलून धरणे.

आरंभी पाच-दहा मिनिटे चालून अंग गरम करतात. पहिल्या चार प्रकारांच्या ८ ते १२ आवृत्त्यांचा एक संच, असे एक किंवा दोन संच करून मध्ये एक-दोन मिनिटे विश्रांती घेतात. पाचवा प्रकार शरीर सरळ राहील तेवढे सेकंदच करतात. संचाच्या शेवटी आणखी दोन-तीन आवृत्त्या करता येतील इतकी ताकद शिल्लक असावी. प्रत्येक संचात १२ आवृत्त्या सहज जमू लागल्यावर भार थोडा वाढवतात आणि पुन्हा ८ आवृत्त्यांपासून सुरुवात करतात. केलेल्या आवृत्त्या व वजन यांची नोंद ठेवल्यास ही वाढ नेमकी लक्षात येते.

दक्षता

भार उचलताना श्वास सोडावा. श्वास रोखून धरल्यास रक्तदाब एकाएकी वाढतो. नवीन व्यायामानंतर एक ते तीन दिवस स्नायू दुखणे स्वाभाविक आहे. मात्र सांध्यात तीव्र वेदना, छातीत दुखणे किंवा चक्कर येणे ही व्यायाम तत्काळ थांबवण्याची लक्षणे आहेत. हृदयविकार, अनियंत्रित उच्च रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असल्यास आरंभापूर्वी वैद्यकीय सल्ला आवश्यक असतो.