मागितलेले आणि मागोमाग आलेले

सर्व्हर सांभाळणाऱ्या भाच्याशी गप्पा मारताना लिनक्समधला एक प्रश्न समजला आणि माझ्यातला इतिहासाचा मास्तर जागा झाला. यंत्रावर शेकडो पॅकेजेस असतात. त्यातली माणसाने मुद्दाम मागवलेली कोणती, आणि त्यांच्यामागून आपोआप आलेली कोणती?

इयान मर्डॉक यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये डेबियन सुरू केले. तिथे डीपीकेजी हा कारभारी काय बसवले याची चोख नोंद ठेवी, पण लागणारी इतर पॅकेजेस स्वतः आणत नसे. मार्च १९९९ च्या डेबियन २.१ मध्ये ॲप्ट आले आणि ती सोय झाली. एक मागा, दहा हजर! पण ते एक काढून टाकले तरी दहा तिथेच. वऱ्हाड गेले, सामान मांडवात!

मग 'आपोआप आलेले' अशी खूण ठेवणे सुरू झाले. आधी ॲप्टिट्यूडने ठेवली, पुढे ॲप्टनेही. २००९ च्या 'लेनी' आवृत्तीत अनाथ पॅकेजेस झाडून काढणारी ऑटोरिमूव्ह आज्ञा होती. गंमत अशी की खूण आपोआप आलेल्यांवरच असते; उरतील ती मुद्दाम आणलेली. 'ॲप्ट-मार्क शोमॅन्युअल' ही आज्ञा तीच यादी दाखवते. मात्र यंत्र प्रथम उभारताना बसलेली बरीच पॅकेजेसही तिच्यात मिसळतात.

खरा धोका पुढेच आहे. मागोमाग आलेले एखादे पॅकेज आपण रोज वापरू लागतो, पण खूण जुनीच राहते. मूळ पॅकेज काढले की झाडू याच्यावरही फिरतो. वेळीच 'ॲप्ट-मार्क मॅन्युअल' म्हणून ते आपले म्हणावे लागते.

कोणत्या दिवशी कोणती आज्ञा दिली हे ॲप्टच्या इतिहास-फाइलमध्ये असते. पण नेहमीच्या मांडणीत ती दरमहा बदलते आणि जुन्या बाराच प्रती राहतात. म्हणजे वर्षभरापूर्वीचे दप्तर गेले!

शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरात वस्तू, तारीख, किंमत सगळे असे. ती का घेतली, हे मात्र फक्त घेणाऱ्याला ठाऊक. इथेही तेच. सर्व्हर मोडला, नवा उभारायचा, आणि आधीचा माणूस नोकरी सोडून गेलेला... तेव्हा यादी 'काय' सांगते, 'का' सांगत नाही. भाच्याला म्हटले, प्रत्येक पॅकेजपुढे एक ओळ कारण लिही. इतिहासाला साधन लागते, आणि ते ज्याचे त्यानेच त्याच दिवशी लिहावे लागते.

असो.