साठी, बुद्धी आणि सांभाळणारी माणसे

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मराठी घरांतून पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. आजोबा जेवून उठले आणि घटकाभराने 'मला कोणी जेवायला वाढलेच नाही' म्हणून रागावले, किंवा आजीने सुनेवर पाटल्या चोरल्याचा आळ घेतला, की घरातले कोणीतरी ही म्हण उच्चारते. कोणी हसते, कोणी डोळे पुसते, आणि विषय तेथेच मिटतो. म्हणीने उत्तर मिळाल्यासारखे होते व पुढे विचारावयाचे राहून जाते. वृद्धपणीच्या स्मृतिभ्रंशाच्या बाबतीत साऱ्या जगाने दीर्घकाळ हेच केले. तो एक रोग आहे हे ओळखण्यास, आणि ती ओळख रोग्याच्या उशाशी बसणाऱ्या माणसापर्यंत पोहोचविण्यास, जवळजवळ शंभर वर्षे लागली.

या हकीकतीचा आरंभ जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरात होतो. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी तेथील मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाची ५१ वर्षांची गृहिणी दाखल झाली. तिचा पती रेल्वेच्या कचेरीत कारकून होता. पत्नीच्या मनात आपल्याविषयी विनाकारण मत्सर उत्पन्न झाला आहे, हे दुखण्याचे पहिले लक्षण त्याला दिसले होते. पुढे तिची स्मृती ढासळत गेली. राहत्या घरात ती वाट चुकू लागली, वस्तू उचलून भलत्याच ठिकाणी लपवू लागली, आणि कोणी आपल्याला ठार मारावयास आले आहे असे वाटून मोठमोठ्याने ओरडू लागली.

तिला तपासणारे डॉक्टर आलोइस आल्झायमर हे त्या वेळी ३७ वर्षांचे होते. त्यांनी तिच्याजवळ बसून साधे प्रश्न विचारले आणि तिची उत्तरे जशीच्या तशी उतरवून घेतली. नाव काय? आउगुस्टे. आडनाव? आउगुस्टे. पतीचे नाव? थोडे अडखळून पुन्हा आउगुस्टेच. दुपारी ती मांस आणि फुलकोबी खात असताना 'काय खाता?' असे विचारले, तर उत्तर आले, पालक. आपण स्वतःलाच हरवून बसलो आहोत, अशा अर्थाचे तिचे उद्गारही त्या टिपणांत आहेत. या बाईला आपल्या अवस्थेची अंधुक जाणीव होती, हे त्यावरून कळते.

आल्झायमर १९०३ साली म्युनिकला गेले, परंतु या रुग्णाला विसरले नाहीत. ८ एप्रिल १९०६ रोजी तिचे निधन झाले तेव्हा त्यांनी तिचा मेंदू तपासणीसाठी मागवून घेतला. रौप्यक्षारांच्या साहाय्याने रंगविलेले त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहता पेशींमध्ये तंतूंची गुंतवळे व पेशींबाहेर कसल्याशा द्रव्याचे साठे दिसून आले. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्युबिंगेन येथे जमलेल्या मनोविकारतज्ज्ञांपुढे त्यांनी हे निष्कर्ष वाचून दाखविले. व्याख्यान संपले, पण एकाही श्रोत्याने प्रश्न विचारला नाही. अध्यक्षांनी पुढील विषय घेतला. वैद्यकाच्या इतिहासातील एक मोठा शोध अशा रीतीने निःशब्दपणे पार पडला.

१९१० साली एमिल क्रेपेलिन या नामांकित मनोविकारतज्ज्ञाने आपल्या पाठ्यग्रंथात या विकारास आल्झायमरचे नाव दिले. परंतु नावाबरोबर एक गैरसमजही रूढ झाला. पन्नाशीच्या सुमारास बुद्धी ढळली तर तो आल्झायमरचा रोग, आणि सत्तरी-ऐंशीत ढळली तर ते निव्वळ वार्धक्य, अशी वाटणी झाली. पहिला प्रकार विरळा म्हणून त्याकडे थोड्यांचेच लक्ष गेले. दुसरा सर्वत्र आढळणारा, म्हणून त्याकडे कोणी लक्ष देण्याजोगे मानले नाही. विद्वानांच्या ग्रंथांनीही अखेर आपल्या म्हणीचाच निर्णय उचलून धरला, असे म्हणावयास हरकत नाही.

हा समज मोडावयास अर्धशतकाहून अधिक काळ गेला. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे ब्लेसेड, टॉमलिन्सन आणि रॉथ या तिघांनी वृद्धांची बुद्धी जिवंतपणी कितपत शाबूत होती याची नोंद ठेवली व मृत्यूनंतर त्यांचे मेंदू तपासले. ज्यांची बुद्धी अधिक ढासळलेली होती त्यांच्या मेंदूत ते साठे अधिक होते, असे त्यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे १९७६ साली अमेरिकेतील डॉ. रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका छोट्याशा लेखात स्पष्ट सांगितले की, पन्नाशीतला रोग आणि ऐंशीतला रोग एकच आहे, आणि तसे मोजले तर तो त्यांच्या देशातील मृत्यूच्या पहिल्या चार-पाच कारणांत बसेल. वार्धक्य हा रोग नव्हे. परंतु वार्धक्यात येणारा हा रोग वार्धक्य नव्हे, ही गोष्ट तेव्हापासून वैद्यकाने मान्य केली.

तथापि वैद्यकाने मान्य करणे निराळे आणि घराला कळणे निराळे. रात्रभर दार ठोठावणाऱ्या सासऱ्याला आवरावे कसे, स्नानास नकार देणाऱ्या आईची समजूत घालावी कशी, हे प्रयोगशाळेत कोणी सांगत नव्हते. म्हणून रोग्यांचे आप्तच एकत्र येऊ लागले. कॅनडात १९७८ साली, ब्रिटनमध्ये १९७९ साली आणि अमेरिकेत १९८० साली अशी मंडळे स्थापन झाली. त्याच १९८० च्या ऑक्टोबरात, अमेरिकेतील अनेक वर्तमानपत्रांतून छापल्या जाणाऱ्या 'डिअर ॲबी' या सल्ल्याच्या स्तंभात न्यूयॉर्कच्या एका हताश स्त्रीचे पत्र आले. आपल्या पतीस हा रोग जडला आहे, इतर लोक या संकटाला तोंड देतात तरी कसे, असे ती विचारीत होती. स्तंभलेखिकेने उत्तरात नव्या मंडळाचा पत्ता छापला, आणि मंडळाच्या दारात हजारो पत्रांचा लोट आला. आपल्याच घरावर हा प्रसंग आला आहे असे ज्याला त्याला वाटत होते. एका पत्राने त्यांना एकमेकांची माहिती झाली. ही स्तंभलेखिका पुढे स्वतः याच रोगाने ग्रस्त झाली व २०१३ साली निवर्तली.

पाठोपाठ १९८१ साली नॅन्सी मेस आणि पीटर रॅबिन्स यांचे 'छत्तीस तासांचा दिवस' या अर्थाच्या नावाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. शुश्रूषा करणाऱ्याचा दिवस चोवीस तासांत मावत नाही, हे त्या नावातच आले. रोग्याचे वागणे हट्टाने वा दुष्टपणाने होत नसून मेंदूतील बिघाडामुळे होते. म्हणून त्याच्याशी वाद घालण्यापेक्षा दिनक्रम सोपा ठेवावा, आणि सांभाळणाऱ्यानेही अधूनमधून विसावा घ्यावा, अशी त्याची शिकवण होती.

आपल्या देशात या कार्याचा पाया १९९२ साली केरळात घातला गेला. डॉ. जेकब रॉय यांच्या पुढाकाराने भारतीय आल्झायमर्स व संबंधित विकार संस्था तेथे उभी राहिली. १९९८ मध्ये कोचीनला भरलेल्या परिषदेत संशोधकांच्या एका गटाने जगापुढे एक विसंगती मांडली. स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रोगी गरीब व विकसनशील देशांत राहतात, पण त्याविषयीच्या लोकसंख्येवर आधारलेल्या संशोधनाचा १० टक्केही भाग त्यांच्या वाट्यास येत नाही. याच आकड्यांवरून त्या गटाने 'दहा-सहासष्ट' असे नाव घेतले.

या कार्यातील एक महत्त्वाचे प्रकरण गोव्यात घडले. गोव्यातील वृद्ध, त्यांना सांभाळणारे आप्त आणि आरोग्यसेवक यांच्याशी बोलून केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसून आले की, या विकाराची लक्षणे लोकांना चांगली ठाऊक होती, पण तो रोग आहे असे ते मानीत नव्हते. मुलांनी हेळसांड केली, माया लावली नाही, छळ केला, म्हणून म्हाताऱ्याची अशी दशा झाली, असे अनेकांचे मत पडले. हे मत किती क्रूर आहे याचा विचार करावा. जी लेक वा सून रात्री-बेरात्री उठून अंथरूण बदलते, तिच्याच माथी गाव दोष मारते. आणि त्या भयाने ती आपले दुःख दाराबाहेर काढीत नाही. अशा वेळी खऱ्या माहितीचा अभाव हा माणसावरील अन्याय ठरतो.

पुढे उत्तर गोव्यातील दोन तालुक्यांत याच प्रश्नावर एक प्रयोग झाला. त्याचे फलित २००८ साली प्रसिद्ध झाले. ८१ कुटुंबे त्यात सामील होती. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे दोन गट पाडण्यात आले. एका गटास रोगाची माहिती देण्यात आली आणि साहाय्यासाठी सहा महिने थांबावयास सांगितले. दुसऱ्या गटाकडे आठवडाभराचे शिक्षण घेतलेले, कोंकणी उत्तम बोलणारे सामान्य कार्यकर्ते सहा महिने, निदान पंधरवड्यातून एकदा, घरी जात राहिले. ते रोग समजावून सांगत, विचित्र वागण्यास तोंड कसे द्यावे ते दाखवीत, जरूर पडल्यास डॉक्टर गाठून देत, वृद्धांसाठीच्या सरकारी योजनांची वाट दाखवीत. रोग बरा झाला नाही. रोग्याच्या वागण्यातही निश्चित म्हणता येईल असा फरक पडला नाही. परंतु सांभाळणाऱ्या माणसांचे मन स्पष्टपणे हलके झाले व त्यांना भार कमी वाटू लागला. नुसती माहिती आणि माहिती घेऊन पुन्हा पुन्हा दारी येणारा माणूस, यांतले अंतर या प्रयोगाने दाखवून दिले.

आज माहितीचा तुटवडा राहिलेला नाही, उलट सुकाळ आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढील दर शंभरांत सुमारे सात, म्हणजे एकंदर ८८ लक्ष लोक स्मृतिभ्रंशाने पीडित आहेत. त्यांचे आप्त खिशातील फोनवर उपाय धुंडाळतात, आणि तेथे शास्त्रज्ञाच्या शेजारीच चूर्णे व तेले विकणाराही दुकान मांडून बसलेला असतो. दोहोंतला फरक ओळखण्यास हा इतिहास उपयोगी पडतो. लिहिणारा कोण, त्याने केव्हा लिहिले आणि तो काही विकतो काय, हे प्रथम पाहावे. 'स्मृती परत आणतो' असे जो सांगतो त्याला दुरून नमस्कार करावा. या रोगावरचे पहिले औषध अमेरिकेत १९९३ साली मान्य झाले. त्याने यकृतास अपाय होतो असे आढळून पुढे ते मागे पडले. २०२३ साली तेथे पूर्ण मान्यता मिळालेले लेकॅनेमॅब हे औषधदेखील आरंभीच्या अवस्थेत रोगाचा वेग थोडा मंद करते, गेलेली स्मृती आणीत नाही, आणि मेंदूत सूज वा रक्तस्राव होण्याचा धोकाही त्यात आहे. विश्वासू माणूस अशी मर्यादा स्वतःहून सांगतो.

त्याचप्रमाणे, प्रत्येक विसरभोळेपणा हा स्मृतिभ्रंश नव्हे. थायरॉईडचा विकार, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, खिन्नता, काही औषधांचा परिणाम, डोक्यास मार लागून आत साकळलेले रक्त, यांनीही बुद्धी मंदावते, आणि यांवर उपचार आहेत. म्हणून म्हण उच्चारण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. शुश्रूषा करणाऱ्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने 'आयसपोर्ट' नावाचा पाठ्यक्रम विनामूल्य उपलब्ध केला आहे. त्याच्या पाच भागांपैकी एक संपूर्ण भाग सांभाळणाऱ्याने स्वतःची काळजी कशी घ्यावी यासाठी आहे. भारत सरकारने वृद्धांच्या साहाय्यासाठी १४५६७ आणि मनःस्वास्थ्यासाठी १४४१६ हे दूरध्वनी क्रमांक चालू केले आहेत.

आउगुस्टे डेटरची कागदपत्रे हरवली असे समजले जात होते. १९९५ च्या डिसेंबरात फ्रँकफुर्टच्याच रुग्णालयात ती सापडली, आणि तिची ती अडखळती उत्तरे जगाला पुन्हा वाचावयास मिळाली. ती वाचताना तिच्या पतीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पत्नीच्या संशयाचे बोल ऐकत तो कारकून कामावर जात होता. हा आळ रोग घेतो आहे, तुझी पत्नी नव्हे, असे त्याला सांगू शकेल असा माणूस त्या वेळी पृथ्वीवर कोठेही नव्हता. पाटल्यांचा आळ सोसणाऱ्या सुनेला तेच आज शेजारची बाई, शाळेतला मास्तर किंवा गावातली परिचारिका सांगू शकते. त्यासाठी तिच्या दारापर्यंत जावे लागते, इतकेच.