येडशी स्टेशनचा धडा



सोलापूर, तुळजापूर आणि धाराशिव या वाटेवर आज रोज माणसांचा जो लोंढा ये-जा करतो, त्याच्यासाठी जलद वाहतूक कोणती असावी, हा आजचा विषय. मी इंजिनियर नाही. पाळीवर जाणाऱ्या माणसांत तीस वर्षे काढली आणि जे वाचले ते युनियनच्या कचेरीतील कंदिलाखाली, पुढे ट्यूबलाइटखाली वाचले, एवढाच माझा अधिकार. म्हणून उद्याच्या योजनेबद्दल बोलण्याआधी मी कालची हकीकत सांगणार आहे. आपल्या जिल्ह्यात आगगाडी पूर्वी एकदा येऊन गेलेली आहे. ती आली ती कोणाच्या दारावरून गेली आणि कोणाला तिने लांबूनच शिट्टी ऐकवली, हे आधी पाहू.

जी. आय. पी. रेल्वेचे रूळ 1860 साली सोलापुरात पोहोचले. मुंबईहून मद्रासकडे जाणाऱ्या त्या मार्गाला आपला मुलूख वाटेत नव्हता. आपण तर निजामी अंमलात होतो. बार्शी मात्र इंग्रजी हद्दीत आणि कापसाची मोठी पेठ. हा कापूस बैलगाड्यांतून वीस-एकवीस मैल हाकत मोठ्या लाइनीवर न्यावा लागे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने हे हेरले. 1895 साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी नोंदली गेली आणि 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी धावू लागली. रुळांतील अंतर अवघे अडीच फूट.

हा कॅलथ्रॉप मोठा विक्षिप्त आणि तितकाच हिशेबी माणूस. (पुढे याच गृहस्थाने विमानातून उडी मारण्याची छत्री तयार केली.) त्याचे म्हणणे असे, की गाडीचे वजन सगळ्या आसांवर सारखे वाटले, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ दिला नाही, तर हलके रूळ पुरतात, रूळ हलके तर पूल हलके, आणि सगळे हलके तर भांडवल थोडे. यार्डाला तीस पौंडांचे रूळ टाकून त्याने ते करून दाखविले. गरीब मुलखाला परवडेल अशी रेल्वे काढण्यात त्याची बुद्धी होती, आणि कंपनी नफ्यासाठी निघाली होती म्हणून मी ती नाकारणार नाही.

1906 साली ही गाडी पंढरपुरास गेली, 1911 साली लातुरास आणि 1927 साली मिरजेस. सगळी मिळून 202 मैल. आषाढी-कार्तिकीला मालाच्या वाघिणींतदेखील वारकरी बसवीत. कापूस, गळिताची धान्ये आणि यात्रा यांवर कंपनीने पोट भरले. रोज सकाळी कामावर जाऊन संध्याकाळी घरी परतणारा माणूस तिच्या हिशेबात कधी नव्हता, कारण तसा माणूस तेव्हा आपल्याकडे फारसा नव्हताही.

आता येडशीकडे या. बार्शीहून लातूरकडे जाताना रूळ बालाघाट चढून येडशीला आले आणि तसेच पूर्वेला निघून गेले. नळदुर्गाहून हलवून ज्या गावी जिल्ह्याचे ठाणे आणले होते, ते गाव, म्हणजे आजचे धाराशिव, सुमारे 20 किलोमीटर दक्षिणेला राहिले. कंपनीला लातूरची पेठ हवी होती. कचेऱ्या आणि कोर्टे असलेल्या गावात भरायला माल नव्हता. परिणाम असा, की जिल्ह्याच्या माणसाने येडशीला उतरावे आणि पुढे आधी बैलगाडीने, मग मोटारीने धक्के खावेत. 1 जानेवारी 1954 रोजी सरकारने ती रेल्वे विकत घेतली, तरी रूळ जेथे होते तेथेच राहिले. मोठ्या रुळांचे काम आले तेव्हा कोठे वाट वळवली गेली: लातूर ते उस्मानाबाद 2007 साली आणि उस्मानाबाद ते कुर्डुवाडी 2008 साली. म्हणजे एका लंडनच्या कंपनीने कागदावर ओढलेली रेघ दुरुस्त व्हायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. रस्ता चुकला तर पुन्हा करता येतो. रूळ चुकला तर तीन पिढ्या भोगतात. आणि तुळजापूर या सगळ्या काळात रेल्वेच्या नकाशावर कोठेच नव्हते.

आपले काम मग रस्त्यावर भागले. निजामी राज्याची एक गोष्ट मात्र मी मानतो. तेथे 1932 साली 27 मोटारी घेऊन सरकारी बस सुरू झाली ती रेल्वेच्याच खात्याखाली. रूळ आणि सडक एकाच हाताखाली असल्याने एक दुसऱ्याचा वैरी होत नव्हता. इकडे मुंबई राज्यात पहिली एस.टी. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर धावली, आणि मराठवाड्याची वाहतूक 1961 साली महामंडळात आली. तेव्हापासून बस स्टँड एकीकडे आणि स्टेशन दुसरीकडे, ही आपली रीत होऊन बसली. गाडी आली की बस सुटलेली, आणि बस आली की फाटक बंद.

एस.टी.ला मी नावे ठेवणार नाही. खेड्यातल्या मुक्कामी गाडीने जेवढी पोरे कॉलेजात पोहोचवली, तेवढी कोणत्याही पुढाऱ्याने पोहोचवली नसतील. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धे तिकीट झाले, आणि सोलापूरला कामाला जाणाऱ्या बाया पहाटेच्या गाडीत ठळक दिसू लागल्या. पण बसची मर्यादा रात्री कळते. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात दुसरी पाळी सुटायची ती शेवटची गाडी गेल्यावर. तुळजापूरकडचे आमचे लोक गोदामात पोती अंथरून पडत आणि पहाटेच्या गाडीने घरी येत. मालकाशी आम्ही तीन बैठका घेतल्या. तो म्हणे, गाडीची वेळ माझ्या हातात नाही. आगारात गेलो तर तेथे म्हणत, पाळीची वेळ आमच्या हातात नाही. दोघेही खरे बोलत होते. शेवटी पाळी अर्धा तास अलीकडे घेतली गेली आणि त्या अर्ध्या तासाचा पगार कापला गेला. त्या वेळी एक बाई मला म्हणाल्या, "भाऊ, तुमी रेल्वे रेल्वे म्हंताव, ती पाळी सुटायच्या टायमाला थांबंल का?" पुष्कळ अहवाल वाचूनही या प्रश्नाचे उत्तर मला कोठे सापडले नाही.

आता नवी लाइन. सोलापूर ते तुळजापूरमार्गे धाराशिव, सुमारे 84 किलोमीटर, एकेरी मार्ग. 2019 साली मंजुरी मिळाली तेव्हाचा अंदाज 904 कोटी 92 लाख रुपयांचा होता. राज्याने निम्मा भार उचलायचे ठरले. त्याच 2019 सालच्या 9 जानेवारीला सोलापुरात चौपदरी रस्त्याचे लोकार्पण झाले होते. म्हणजे रस्ता आधी रुंद झाला आणि रूळ मागून येत आहेत. रेल्वेने पुढे जाऊन गिऱ्हाईक मिळवायचे, तेथे ती आता मोटारसायकल घेतलेल्या माणसाला परत बोलावणार आहे. हे सोपे नाही.

दिल्ली-मेरठची नवी जलद गाडी पाहून आल्यावर काही मंडळी म्हणतात, आपल्याकडे तशीच का नको? ती लाइन 82 किलोमीटरची, म्हणजे आपल्याएवढीच. पहिला टप्पा ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाला. मंजूर खर्च 30 हजार कोटींच्या वर. आपल्या पहिल्या अंदाजाच्या तेहतीस पट! तेथे दोन अवाढव्य शहरांच्या मध्ये अखंड वस्ती आहे. आपल्याकडे हिप्परग्याचा तलाव ओलांडला की तामलवाडीपर्यंत शिवारच आहे. दुसरा पर्याय बससाठी राखीव पट्ट्याचा. पुण्याने तो 2006 साली सुरू केला. शहरातल्या कोंडीवर तो इलाज आहे. आपल्या चौपदरी रस्त्यावर मधल्या वाटेत कोंडी नाहीच, ती सोलापूरच्या तोंडाशी आहे. राखीव पट्टा हवा तो तेवढ्याच चार-सहा किलोमीटरांत, आणि तो रुळांची वाट न पाहता करता येतो.

रुळांचा खरा पेच दोन ठिकाणी आहे. पहिला घाटाचा. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरांच्या आसपास, तुळजापूर साडेसहाशेच्या आसपास. रस्ता वीस पावलांना एक पाऊल चढू शकतो, म्हणून घाट चार किलोमीटरांत संपतो. रेल्वेला शंभराला एक एवढाच चढ सुखाचा. दोनशे मीटर चढायला तिला वीस किलोमीटर लागतात. हे मला कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमधल्या एका निवृत्त फिटरने टेबलावर पट्टी तिरपी धरून समजावले. बोरघाटात सदतिसाला एक चढ घेतला, तर आजही मागून जादा इंजिने लावावी लागतात. तेव्हा रूळ गावापासून लांबून का जातात, याचे कारण दर वेळी लबाडी नसते.

दुसरा पेच एकेरी मार्गाचा. एकेरी रुळावर समोरासमोर येणाऱ्या गाड्या फक्त स्टेशनातच एकमेकींना वाट देऊ शकतात. दोन क्रॉसिंग स्टेशनांमध्ये जायला बारा मिनिटे लागत असतील, तर एक गाडी जाणे, दुसरी येणे आणि सिग्नलची मिनिटे मिळून अर्धा तास गेला. म्हणजे तासाला एका दिशेने दोन गाड्या, यापेक्षा जास्त नाही. त्यात लांब पल्ल्याची एक्सप्रेस आणि एक मालगाडी घुसली की पहिला बळी लोकलचा जातो. म्हणून क्रॉसिंग स्टेशने जवळजवळ असावीत आणि दुसऱ्या रुळाची जमीन आत्ताच घेऊन ठेवावी, असे माझे मत आहे. शेतकऱ्याकडे दोनदा जमीन मागायला जाण्यासारखे पाप नाही.

आणि हो, देवीचे नाव. ही लाइन भाविकांसाठी आहे असे सगळेच सांगतात, आणि ते खोटे नाही. कोजागरीला सोलापूरची वाट पायी चालणाऱ्यांनी भरते, वाहने वळवावी लागतात. पण भाविक वर्षातून एकदा-दोनदा येतो, कामगार वर्षाचे तीनशे दिवस जातो. यात्रेची गाडी यात्रेपुरती लावता येते. पाळीची गाडी एक दिवस चुकली तर खाडा पडतो. बार्शी लाइटने यात्रेकरू धरला आणि रोजचा माणूस सोडला. तेच वेळापत्रक पुन्हा छापले जाऊ नये.

विलायतेत हा वाद पूर्वीच झाला. 1883 साली तेथे स्वस्त गाड्यांचा कायदा झाला: सरकारने कंपन्यांना उतारूंवरील करात सूट दिली, आणि बदल्यात संध्याकाळी सहा ते सकाळी आठ या वेळात कामगारांसाठी कमी भाड्याच्या गाड्या पुरेशा सोडण्याचे बंधन घातले. लंडनच्या पूर्वेकडची कष्टकऱ्यांची उपनगरे अशाच गाड्यांच्या आधाराने वाढली. कंपन्यांनी हे धर्म म्हणून केले नाही, कायद्याने केले. आपल्याकडे टाळेबंदीनंतर साध्या सवारी गाड्यांना 'एक्सप्रेस' ठरवून कमीत कमी भाडे 10 रुपयांचे 30 केले गेले, आणि ते फेब्रुवारी 2024 मध्ये परत खाली आले. गाडी तीच, डबे तेच, थांबे तेच. पाटी बदलली आणि मजुराच्या खिशातून रोजचे चाळीस रुपये गेले. त्याच्या पासाची गोष्ट वेगळी; पण कंत्राटी माणसाला पुढच्या आठवड्यात काम असेल की नाही हेच ठाऊक नसते, तो महिन्याचा पास कसा काढील?

म्हणून आमच्या युनियनने जे निवेदन तयार केले आहे, त्यात स्टेशनच्या इमारतीबद्दल, कळसाबद्दल, रंगाबद्दल एक ओळ नाही. त्यात आठवड्याचा पास मागितला आहे. तुळजापूर स्टेशनातून स्टँडपर्यंत एस.टी.ने प्रत्येक गाडीला जोडून बस सोडावी असे म्हटले आहे. विजेवरचे असे डबे मागितले आहेत, की जे जवळजवळच्या थांब्यांवरून झटकन वेग घेतात. मुंबईत ते 1925 पासून धावत आहेत. आणि सोलापुराहून धाराशिवकडे शेवटची गाडी रात्री साडेबाराच्या आधी सुटू नये, अशी मागणी पहिल्या क्रमांकावर घातली आहे. सह्यांचे कागद बाहेर दाराशी टेबलावर ठेवले आहेत.