पद्मासन

पद्मासन हे हठयोगातील बैठ्या स्थितीतील आसन आहे. स्वात्माराम यांच्या 'हठयोगप्रदीपिका' या ग्रंथात त्याचे वर्णन आढळते. यात उजवे पाऊल डाव्या व डावे पाऊल उजव्या मांडीवर, तळवे वर करून, ठेवतात.

पूर्वतयारी

या आसनासाठी मांडी खुब्याच्या सांध्यातून बाहेरच्या बाजूस वळावी लागते. गुडघा मुख्यत्वे बिजागरीसारखा हलतो. खुबा आखडलेला असताना पाऊल ओढून वर घेतल्यास ताण गुडघ्यावर येऊन इजा होऊ शकते. म्हणून घरच्या सरावात सुखासन, बद्धकोनासन, अर्धपद्मासन व शेवटी पद्मासन असा क्रम ठेवतात. अर्धपद्मासन दोन्ही पायांनी आलटूनपालटून करतात.

दक्षता

गुडघा जमिनीला टेकत नसल्यास बैठकीखाली चादरीची घडी घ्यावी. तो हाताने दाबू नये. गुडघ्यात कळ आल्यास आसन लगेच सोडावे.