शिरूरच्या दोन कबरी आणि मराठीतील अद्भुतरम्य कादंबरी

जुनी वास्तू, तिच्या भिंतीआड दडलेले घराण्याचे पाप, त्या वास्तूत अडकलेली नायिका आणि प्रेम व भय यांची एकमेकांत गुंतलेली वाटचाल, हे गॉथिक प्रणयकादंबरीचे मुख्य घटक होत. होरेस वॉलपोलच्या 1764 मधील ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ या कादंबरीने हा प्रकार इंग्रजीत रूढ केला, ॲन रॅडक्लिफने 1794 च्या ‘द मिस्टरीज ऑफ उडॉल्फो’मध्ये त्याला प्रौढ रूप दिले, आणि पुढे मागे पडलेल्या या प्रकाराला व्हिक्टोरिया होल्टच्या ‘मिस्ट्रेस ऑफ मेलिन’पासून (1960) स्वस्त कागदी बांधणीच्या पुस्तकांनी, तर अलीकडे सिल्व्हिया मोरेनो-गार्सिया यांच्या ‘मेक्सिकन गॉथिक’सारख्या (2020) कादंबऱ्यांनी पुन्हा बाजारात आणले. मराठीत मात्र या प्रकाराचा इतिहास निराळ्या वळणाने गेला. येथे त्यातील प्रेम आणि भय यांची फारकत झाली आणि दोघांचे पुनरुज्जीवनही वेगवेगळ्या वाटांनी घडले. या फारकतीचे स्वरूप पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर तालुक्याच्या संदर्भात विशेष स्पष्टपणे दिसते.

लक्ष्मण मोरेश्वरशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ 1861 मध्ये, तर नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ 1868 मध्ये प्रसिद्ध झाली. राजपुत्र, बंदिवास, वेषांतर, अरण्ये आणि योगायोग यांनी भरलेल्या या लेखनाला समीक्षकांनी पुढे अद्भुतरम्य कादंबरी असे नाव दिले. तिच्यात संस्कृत कथापरंपरा आणि इंग्रजीतून आलेली रंजनपर कादंबरी यांचे मिश्रण असून अखेरीस सदाचाराचा विजय ठरलेला असे. रिसबुडांनी ‘मंजुघोषा’च्या प्रस्तावनेत या निवडीचे कारणही दिले आहे: विवाहाच्या रूढींमुळे व इतर कारणांमुळे हिंदूंच्या नित्याच्या जीवनात मन गुंतवील असे काही आढळत नाही, म्हणून मनोरंजक पुस्तक लिहू पाहणाऱ्याला अद्भुताकडे वळावेच लागते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

हे म्हणणे शिरूरच्या बाबतीत टिकत नाही. वसईच्या तहानंतर घोडनदीकाठच्या या गावी इंग्रजांच्या तैनाती फौजेची छावणी पडली आणि त्या फौजेचा अधिकारी कर्नल वॉलेस 1809 मध्ये येथेच मरण पावून छावणीच्या दफनभूमीत पुरला गेला. पुणे जिल्ह्याच्या 1885 च्या गॅझेटियरमधील नोंदीनुसार या परक्या लष्करी अधिकाऱ्याला लोक सत्पुरुष मानू लागले होते, आणि सुगीच्या वेळी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी नव्या धान्याचा पहिला वाटा नैवेद्य म्हणून त्याच्या कबरीपाशी आणत असत. ब्राह्मण आणि मारवाडी वाणी यांखेरीज सारे गाव त्या कबरीला भजते, असेही तेथे नमूद आहे. तत्कालीन कादंबरीकार बहुतांशी ज्या वर्गातून आले तो वर्ग या भक्तीबाहेर होता, ही गोष्ट येथे महत्त्वाची ठरते. अद्भुत समाजात नव्हते असे नसून ते लिहिणाऱ्यांच्या घराबाहेर होते.

दुसरी कबर याच तालुक्यातील पाबळ येथे आहे. बाजीराव पेशव्याने मस्तानीला पाबळ, केंदूर आदी गावे दिली होती. 1740 च्या एप्रिलमध्ये रावेरखेडी येथे बाजीरावाचा मृत्यू झाल्यावर अल्पावधीतच तिचाही अंत झाला आणि पाबळला तिचे दफन झाले. तिचा मृत्यू नेमका कशाने झाला याविषयी एकमत नाही. घराण्याचा विरोध, नजरकैद आणि उकल न झालेला मृत्यू, असे गॉथिक कथानकाला लागणारे सारे काही या वृत्तान्तात असूनही मराठी लेखकांनी तो ऐतिहासिक कादंबरीच्या स्वाधीन केला. ना. सं. इनामदारांच्या 1972 मधील ‘राऊ’त प्रेम आणि राजकारण आहे, पण भयाला त्यात स्वतंत्र स्थान नाही.

ही विभागणी होण्यास वाचनाचा बाजारही कारण ठरला. 1877 मध्ये व्ही. पी. टपालाची, म्हणजे पैसे चुकते करून पार्सल सोडवून घेण्याची, पद्धत सुरू झाली आणि 1878 मध्ये दौंड–मनमाड लोहमार्ग खुला होऊन दौंड हे जंक्शन बनले. अशा सोयींमुळे मुंबई-पुण्याचे छापील वाङ्मय तालुक्याच्या गावांपर्यंत पोचणे सुकर झाले. त्या काळी हिंदुस्थानात जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्सच्या रहस्यप्रधान कादंबऱ्या मोठ्या आवडीने वाचल्या जात, आणि हरि नारायण आपटे यांची ‘मधली स्थिती’ (1885) याच लेखकाच्या आधाराने उभी राहिली. तथापि त्याच आपट्यांनी पुढे ‘पण लक्षांत कोण घेतो?’मधून मध्यमवर्गीय घरातील स्त्रीचे दुःख वास्तव रीतीने मांडले, तेव्हा अद्भुतरम्य कादंबरीची प्रतिष्ठा ओसरली.

भयाची परंपरा विसाव्या शतकात वाचनालयांच्या आधाराने जगली. नारायण धारप (1925–2008) यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहून ओसाड वाडा, तळघर आणि अमानवी शक्ती यांना मराठी घराच्या उंबरठ्याशी आणले, तर रत्नाकर मतकरींनी गूढकथेत, म्हणजे अनाकलनीयाचे सावट नित्याच्या जीवनावर पाडणाऱ्या कथेत, मनोव्यापारांना अग्रस्थान दिले. समीक्षेने मात्र या लेखनाला दीर्घकाळ रंजनाच्या खात्यात टाकले.

एकविसाव्या शतकात ही दोन्ही अंगे पुन्हा वर आली आणि त्यात चित्रपटाचा वाटा मोठा होता. ‘राऊ’वर आधारलेला ‘बाजीराव मस्तानी’ 2015 मध्ये आला. धारपांच्या कथेतून स्फुरलेला आणि श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून नाव घेतलेला ‘तुंबाड’ 2018 मध्ये आला, आणि 2024 मधील पुनःप्रदर्शनात त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक उत्पन्न मिळवले. साकेत प्रकाशनाने धारपांची पुस्तके नव्या आवृत्त्यांत उपलब्ध करून दिली आहेत. ‘मुक्तामाला’ आणि ‘मंजुघोषा’ मात्र मुख्यतः वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासापुरत्या उरल्या. ज्या लेखनाने इथल्या वाड्याला, घराण्याला आणि हव्यासाला कथेत जागा दिली त्याला नवा वाचक लाभला, आणि ज्याने ती जागा कल्पित राजवाड्यांना दिली ते मागे राहिले, असा निष्कर्ष यातून काढता येतो. मात्र प्रेम आणि भय यांना एका कथानकात बांधणारी, पाबळ आणि घोडनदी या दोहोंना सामावून घेईल अशी परंपरा मराठीत अद्याप रुजलेली नाही. आजवरचे पुनरुज्जीवन हे तिच्या दोन सुट्या अंगांचेच आहे.